कासोटा

आषाढात मालवणहून कसालकडे निघालं, की कट्टा गावाच्या आगेमागे लावणी चाललेली दिसते. मळ्यात वाकलेल्या बायकांपैकी कुणी मॅक्सीवर घरातल्या पुरुषाचा जुना फुलशर्ट चढवलेला असतो, कुणी पाचवारी नेसलेली असते, तरण्या मुली ट्रॅकपँटवर आलेल्या असतात. डोक्यावरचं इरलं जाऊन प्लास्टिकची खोळ आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. नऊवारी लुगडं नेसून चिखलात उतरलेली बाई मुद्दाम शोधावी लागते. पण पाचवारीवाली मेरेवरून मळ्यात पाय टाकण्याआधी काय करते ते पाहण्यासारखं आहे. पुढच्या निऱ्या मुठीत धरते, गुडघ्याच्या वर ओढते, पायांमधून मागे नेते आणि कमरेला घट्ट खोचते. ज्या साडीला कासोटा घालायची सोयच नाही, त्या साडीला ती कासोटा घालते. लुगडं गेलं, पण त्याचा हा एक भाग हातांनी सोडलेला नाही.

मराठी बाईच्या वस्त्राची गोष्ट सांगायची वेळ आली, की आपल्याकडे पैठणीपासून सुरुवात होते. पेशव्यांचे वाडे, जर, मोर, असावली. ते सगळं सुंदर आहे, पण मला ती गोष्ट चुकीच्या टोकाकडून सुरू झालेली वाटते. नऊ वारांचं लुगडं ज्या रूपात शेकडो वर्षं टिकलं, ते मिरवण्यासाठी टिकलं नाही. ते चालायला, चढायला, वाकायला, पाण्यात उतरायला सोपं होतं म्हणून टिकलं. त्याचा मागोवा घ्यायचा, तर मळ्यातून आणि किनाऱ्यावरून घ्यायला हवा.

लुगडं नेसणं वर्णन करून सांगणं अवघड, पण प्रयत्न करण्यासारखं. कापड सगळं मिळून नऊ वार, म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. त्याचा एक भाग कमरेभोवती घेऊन पुढे पक्की गाठ मारायची. सगळ्या नेसणीचा भार या एका गाठीवर. एका बाजूचं कापड अंगाभोवती फिरून खांद्यावर पदर म्हणून येतं. मधे उरलेल्या कापडाच्या निऱ्या घालायच्या आणि पुढे खोचायच्या. त्यांचा वरचा भाग म्हणजे ओचा. मग निऱ्यांचा खालचा भाग पायांमधून मागे न्यायचा, काठ सरळ करायचा आणि पाठीमागे कमरेत खोचायचा. तो कासोटा. दोन्ही पाय आता स्वतंत्र झाले. सुई नाही, दोरा नाही, नाडी नाही, आत परकर नाही. ओच्यात कैऱ्या, काजूच्या बिया, रानभाजी, जे सापडेल ते मावतं. कनवटीला पैसे आणि पानसुपारी. उंची हवी तशी ठेवता येते. देवळात जाताना घोट्यापर्यंत सोडलेलं लुगडं मळ्यात पोटरीच्या वर जातं आणि घरी परतताना पुन्हा खाली येतं. एकच कापड दिवसातून तीनदा तीन कामांचं होतं, आणि त्यासाठी कपडे बदलायला आडोसा लागत नाही.

मालवणच्या मच्छीमार गाबीत बायकांनी या नेसणीचा सगळ्यात चोख उपयोग केला. रापणीचं जाळं ओढून झालं, की ओल्या वाळूवरून पाटी उचलायची, लाटेत गुडघाभर उभं राहून मासळी धुवायची आणि मग ती पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठायचा. घोळदार वस्त्र तिथे पहिल्याच लाटेला पायांत अडकेल. चित्रकार एम. व्ही. धुरंधरांनी ऑटो रॉथफेल्ड यांच्या १९२० सालच्या ‘विमेन ऑफ इंडिया’ या पुस्तकासाठी देशभरच्या स्त्रियांची रंगीत चित्रं काढली. धुरंधर मूळ कोल्हापूरचे, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत वाढलेले. मराठी बायांची नेसण त्यांनी ज्या बारकाईने टिपली, त्यावरून हा माणूस रोज रस्त्यावर उभा राहून पाहत होता हे जाणवतं. त्यांच्या चित्रांतल्या आणि मुंबईच्या पोस्टकार्डांवरच्या बायका चालताना दिसतात, आणि लुगडं कळतं ते चालतानाच.

या वस्त्राच्या वंशावळीचा पहिला मोठा अभ्यास करणारा माणूस मालवणातच जन्मला, हे आपल्या मुलखात फारसं कुणाला सांगितलं जात नाही. गोविंद सदाशिव घुर्ये, जन्म १८९३. केंब्रिजला शिकून आले, मुंबई विद्यापीठाचा समाजशास्त्र विभाग त्यांनी १९२४ पासून पस्तीस वर्षं सांभाळला. जातिसंस्थेवरच्या त्यांच्या ग्रंथाचं नाव सगळे घेतात, पण १९५१ साली त्यांचं ‘इंडियन कॉस्च्यूम’ हे पुस्तक आलं, त्याची आठवण क्वचित निघते. शिल्पं, भित्तिचित्रं, वाङ्मय आणि डोळ्यांसमोरच्या बायाबापड्यांची नेसण असं सगळं एकत्र मांडून भारतभरच्या पोशाखाचा वंश त्यांनी लावून पाहिला. समाजशास्त्राच्या प्राध्यापकाने निऱ्या आणि कासोट्यात इतकं लक्ष घालावं याचं तेव्हा काहींना नवल वाटलं असेल. मला मात्र वाटतं, जो मुलूख सोडून ते गेले, तिथे बाईची जात, धंदा, वैधव्य आणि ऐपत हे सारं दुरून लुगड्यावरून ओळखता येत होतं. जातीचा अभ्यासक वस्त्राकडे वळला, तो याच वाटेने वळला असणार.

मागे जाऊ तितका वंश लांबतो. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर जी स्त्रीपुरुषांची जोडपी कोरली आहेत, ती दोन हजार वर्षांच्या घरातली. अंगावर न शिवलेलं कापड, कमरेला पट्टा, दागिने भरपूर. अजिंठ्याच्या भिंतींवर पट्ट्यापट्ट्यांची आखूड वस्त्रं नेसलेल्या बायका आहेत आणि शिवलेल्या चोळ्याही आहेत. खालचं वस्त्र आणि वरचं उपरणं अशी ती दोन वस्त्रांची चाल. पुढे केव्हातरी दोन्हींचं काम एकाच लांब कापडाने घेतलं आणि पदर जन्माला आला. कापड पायांतून मागे नेण्याची रीत स्त्रीपुरुष दोघांची, आणि तीही फार जुनी. पुरुषाचं धोतर आणि बाईचं लुगडं ही एकाच युक्तीची दोन रूपं आहेत. धर्मशास्त्राने तर कासोट्याला शुचितेचं लक्षण ठरवलं. सकच्छ, म्हणजे कासोटा घालून, नेसल्याशिवाय सोवळ्यातलं कर्म नाही. पाचवारी आली, तेव्हा जुन्या घरांनी तिला देवघराबाहेर ठेवलं ते याच बळावर.

आता कापडाकडे. इरकल किंवा सोलापूर यांच्यासारखं विणकरांचं मोठं गाव आमच्या किनाऱ्यावर कधी उभं राहिलं नाही. जांभ्या दगडाची जमीन, तीन-तीन हजार मिलिमीटर पाऊस, इथे कापूस पिकत नाही. म्हणून कोकणातल्या बाईचं लुगडं नेहमी बाहेरून आलेलं. एक वाट घाटावरून. इरकलीचं गाव आज कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि चोळीचे खण विणणारं गुळेदगुड्डही त्याच जिल्ह्यात. बेळगाव-शहापूरहून, कोल्हापूरहून माल घाट उतरून खाली येई. इरकलीची करामत पदरात असते. अंगाचा ताणा सुती, पदराचा ताणा रेशमी, आणि मागावर दोन्हींच्या धाग्यांचे फास एकमेकांत अडकवून ते जोडलेले. या जोडणीला विणकर ‘टोपे तेणी’ म्हणतात. तांबडा पदर, त्यात पांढऱ्या टोकदार नक्षीच्या ओळी. सुती अंगामुळे ते लुगडं अंगाला सुसह्य आणि खिशाला परवडणारं, आणि रेशमाची हौस तेवढी पदरापुरती. गरीब बाईची हौस आणि हिशोब दोन्ही सांभाळणारं याहून शहाणं वस्त्र मला ठाऊक नाही.

दुसरी वाट समुद्राची. १८५६ साली मुंबईत पहिली कापडगिरणी चालू झाली आणि पुढच्या पन्नास वर्षांत गिरणगाव उभं राहिलं. त्या गिरण्यांच्या साच्यांवर काम करायला सगळ्यात जास्त माणसं गेली ती जुन्या रत्नागिरी जिल्ह्यातून. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत त्याच जिल्ह्याचा भाग होता. नवरा परळ-लालबागच्या खोलीत, बायको गावात भात लावते, हा संसार चार पिढ्या चालला. शिमग्याला चाकरमानी बोटीने यायचा. मुंबई-गोवा मार्गावरची बोट देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी थांबत यायची, आणि त्याच्या ट्रंकेत गिरणीचं लुगडं असायचं. आपण ज्या कारखान्यात राबतो, तिथलं कापड आपल्या घरच्या बाईच्या अंगावर आहे, याचा अभिमान त्या माणसांना होता. इकडे घाटावर इचलकरंजीत १९०४ साली विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग बसवला. पुढे त्या गावानेही लुगडी विणली. हातमागाचं इरकल मग सणावारी आणि गिरणीचं लुगडं रोजचं, अशी वाटणी घरोघर झाली.

रोजचं लुगडं मधोमध विरतं. बसण्याउठण्याने, चुलीपाशी, ओझ्याखाली. मग ते मधे कापायचं, विरलेला भाग काढून टाकायचा, बाहेरचे दोन धड तुकडे एकमेकांना शिवायचे. याला दंड घालणं म्हणतात. दंड घातलेलं लुगडं नेसलेली बाई बाजारात आली, तर तो दंड निऱ्यांत लपेल असं नेसायची. तेही विरलं की त्याची झोळी बांधून त्यात मूल निजवायचं, बाळुती फाडायची, चुंबळ वळायची, आणि उरलेलं गोधडीत. म्हणूनच संग्रहालयांत शालू-पैठण्या मिळतात, कामकरी बाईचं लुगडं मिळत नाही. ते वापरून संपलं. १८८० सालच्या रत्नागिरी-सावंतवाडीच्या गॅझेटिअरमध्ये जातवार पोशाखाची चार-चार वाक्यं आहेत, तेवढीच. एवढ्या मोठ्या लोकसंख्येने एवढा काळ अंगावर वागवलेल्या वस्तूचा इतका थोडा पुरावा मागे राहावा, ही गोष्ट मला मनापासून खटकते.

वस्त्राच्या इतिहासात हुकूम मोठं काम करतात. भातशेतीचाच, किनाऱ्याचाच एक दूरचा देश यासाठी डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. व्हिएतनामच्या बायकांचा लांब, दोन्ही कुशींना चिरलेला झगा आणि खाली सुरवार, ‘आओ झाय’, आज त्या देशाची ओळख म्हणून जगभर दाखवला जातो. त्याच्या कुळाला चक्क एक साल आहे. १७४४ मध्ये दक्षिणेतल्या न्गुयेन घराण्याच्या फुक खोआट या राजाने आपल्या रयतेला गुंड्यांचा झगा आणि सुरवार घालायला फर्मावलं, कारण उत्तरेतल्या त्रिन्ह घराण्याच्या प्रजेहून आपली प्रजा वेगळी दिसायला हवी होती. उत्तरेच्या कष्टकरी बायका घागऱ्यासारखं वस्त्र आणि पुढे गाठ मारायचा चार पट्ट्यांचा अंगरखा वापरत. देश एक झाल्यावर मिन मांग सम्राटाने, म्हणजे १८२० ते १८४१ च्या दरम्यान, त्यांच्या घागऱ्यावर बंदी घातली आणि त्यांनाही सुरवारीत घालायचा प्रयत्न केला. चिखलात उभ्या राहणाऱ्या बाईला राजाने पोशाख नेमून द्यावा आणि तिने तो कुरकुरत घालावा किंवा घालू नये, ही गोष्ट भातशेतीच्या मुलखात लगेच कळते.

आमच्या शेजारी गोव्यातही हुकूम निघालेच. १४ एप्रिल १७३६ च्या इन्क्विझिशनच्या जाहीरनाम्यात बाटलेल्या ख्रिस्ती लोकांनी हिंदूंच्या चालीरीती पाळू नयेत म्हणून लांबलचक यादी दिली आहे. अ. का. प्रियोळकरांनी इन्क्विझिशनवरच्या ग्रंथात तिची सविस्तर माहिती दिली. त्या यादीत पुरुषांचं धोतर आहे आणि बायकांची चोळीही आहे. मग गोव्यातल्या वरच्या थरातल्या ख्रिस्ती बायकांनी ‘पानो-बाजू’ हा वेश घेतला, लुंगीसारखं खालचं वस्त्र आणि वर सैल पोलकं. त्याचं मूळ मलायाकडच्या सारोंग आणि बाजूमध्ये. पोर्तुगीजांचा मलाक्काशी सव्वाशेहून जास्त वर्षं संबंध होता, त्या जहाजांतून ती तऱ्हा आली. गोव्याच्या कुणबी बायका मात्र आपलं तांबड्या चौकड्यांचं कापड गुडघ्यापर्यंत नेसून, खांद्यावर गाठ मारून भात लावतच राहिल्या. २०२० मध्ये गेलेले वेशकार वेंडेल रॉड्रिक्स यांनी त्या कुणबी कापडाला पुन्हा मागावर आणण्यासाठी खटपट केली आणि ‘मोडा गोवा’ हे गोव्याच्या पोशाखाच्या इतिहासाचं पुस्तक लिहिलं. आमच्या गाबीत आणि कुळवाडी बायकांच्या लुगड्याला असा माणूस अजून लाभायचा आहे.

तर मग आमच्याकडे लुगडं कुणाच्या हुकुमाने नेसलं गेलं? मळ्याने ते घडवलं, असं मी वर म्हटलं, आणि ते खरं आहे. पण तेवढंच खरं नाही. राजाचं फर्मान नव्हतं, जातीचं होतं. कुणाचं लुगडं कुठवर यायचं हे गावाने ठरवून टाकलेलं. अस्पृश्य मानलेल्या जातींच्या बायकांनी ते गुडघ्याच्या वरच ठेवायचं, देवळाचा उत्सव असो की घरचं लग्न. सवर्ण बाई मळ्यातून वर आली की काठ सोडायची, हिला तो सोडायची मुभा नव्हती. जी उंची एकीसाठी कामाची सोय होती, ती दुसरीच्या कपाळी मारलेला शिक्का होती. 

ही गोष्ट जाहीरपणे फोडली गेली ती कोकणातच. डिसेंबर १९२७, महाडची सत्याग्रह परिषद. २५ तारखेला मनुस्मृती जाळली गेली आणि परिषद संपता संपता डॉ. बाबासाहेब आंबेडकर जमलेल्या बायकांशी वेगळे बोलले. तुमच्या लुगड्याची नेसण ही तुमच्या अस्पृश्यतेची खूण आहे, ती पुसून टाका, सवर्ण बायका नेसतात तसं घोट्यापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. गळाभर माळा आणि हातभर कथलाचे-चांदीचे दागिने हीही तशीच ओळख, तीही सोडा. तिथल्या तिथे बायकांनी नेसण बदलली. कशी बदलायची हे दाखवायला चळवळीबरोबर आलेल्या काही सवर्ण घरांतल्या बायका पुढे झाल्या. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ च्या पुस्तकात आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या आठवणी गोळा केल्या, त्यामुळे हे सारं आपल्या हाती आहे. उर्मिलाताई रत्नागिरीजवळच्या फणसवळ्याच्या. त्यांचं आत्मचरित्र ‘आयदान’ सुरू होतं तेच डोक्यावर ओझी घेऊन डोंगरवाटेने रत्नागिरीच्या बाजाराला निघालेल्या बायकांपासून. लुगड्यावर लिहिणाऱ्याने ती पानं वाचल्याशिवाय लेखणी उचलू नये, असं माझं मत आहे.

महाडला लुगडं बदललं नव्हतं. तेच कापड, तेच नऊ वार, त्याच निऱ्या. फक्त काठ गुडघ्यावरून घोट्यापर्यंत खाली आला. वस्त्रांच्या इतिहासात इतक्या थोड्या कापडात इतका मोठा फरक क्वचित झाला असेल. दुसऱ्या टोकाला ब्राह्मण-सारस्वत घरांतल्या विधवांचं आलवण होतं. तांबूस, जाडंभरडं, बिनकाठाचं, चोळी नाही. त्यांना काठ खाली सोडायला मिळत होता, पण काठच नव्हता. ते आलवण कुणी समारंभाने जाळलं नाही. ते आजींबरोबर एकेका घरातून गेलं.

नऊवारी मागे पडायला लागली ती मुंबई-पुण्याच्या शिकलेल्या घरांतून. १८६४ च्या सुमारास सत्येंद्रनाथ टागोरांची पत्नी ज्ञानदानंदिनी देवी मुंबईत आल्या, पारशी बायकांची नेसण पाहून त्यांनी आत परकर-पोलकं घालून साडी नेसण्याची तऱ्हा बंगालात नेली. आज देशभर सर्रास दिसणाऱ्या गोल नेसणीच्या घडणीत या प्रवासाचा मोठा वाटा आहे. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी डॉक्टर व्हायला अमेरिकेला निघाल्या, तेव्हा वेश बदलणार नाही असं त्या भर सभेत बोलल्या होत्या. पण नऊवारीत पोटऱ्या उघड्या राहतात, तिथल्या थंडीत ते निभणार नाही, म्हणून त्यांनी गुजराती पद्धतीची साडी घेतली. १८८५ सालचं फिलाडेल्फियाच्या महाविद्यालयातलं एक छायाचित्र प्रसिद्ध आहे. शेजारी जपानच्या केइ ओकामी किमोनोत, सीरियाच्या सबात इस्लामबुली आपल्या वेशात आणि आनंदीबाई साडीत. तिघी परदेशात डॉक्टरकी शिकताहेत आणि तिघींनी आपापला देश अंगावर घेतला आहे. त्यात मराठी नऊवारी मात्र नाही, आणि त्याचं कारण थंडीइतकं साधं आहे.

पुढे वर्षानुवर्षं वाद चालले. गोल साडी नेसलेली मुलगी शिक्षिका म्हणून उभी राहिली, तर वर्गातल्या मुलींच्या आया कुजबुजत. बालगंधर्व रंगभूमीवर जे शालू आणि ज्या तऱ्हेने नेसत, ते दुसऱ्या दिवशी घरोघरच्या बायका नेसून पाहत. नऊवारीचा देखणेपणा एका पुरुष नटाने पराकोटीला नेला, आणि त्याच काळात शहरातली बाई ती सोडत होती. १९३० साली ‘स्त्री’ मासिक निघालं, त्यातही पोशाखाची चर्चा होई. गंमत म्हणजे त्याच दशकात, १९३४ मध्ये, तिकडे हनोईच्या ‘फोंग होआ’ या पत्रात न्गुयेन कात तुओंग नावाचा चित्रकार व्हिएतनामी झग्याचे नवे, अंगाबरोबर बसणारे नमुने छापत होता. ‘ले म्यूर’ या नावाने ते गाजले, आणि जुन्या पिढीने नाकं मुरडली. दोन्हीकडे शिकलेल्या मुली नवं वस्त्र हक्काने मागत होत्या. तिथे जुन्याच वस्त्राला नवी शिवण मिळाली, इथे वस्त्रच बदललं.

मग युद्ध आलं. १९४३ मध्ये कापडावर कंट्रोल बसला. जिथे चार वार कापडासाठी रांगा, तिथे एका बाईच्या अंगावर नऊ वार कुठून यायचे? पाचवारी, तिच्याखाली परकर आणि वर ब्लाउज, हे एकूण कापड फार वाचवत नसेल, पण एकदम मोजायची रक्कम कमी झाली. आमच्या बाजूला बदल उशिरा आला. आधी मुंबईला राहून आलेली सून, मग शाळेतल्या बाई, मग दवाखान्यातली नर्स. साठ-सत्तरच्या दशकांत कट्ट्याच्या बाजारात सासू लुगड्यात आणि सून गोल साडीत अशा जोड्या सरसकट दिसत. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि तो कधी मिटलाच नाही. मुंबईहून येणारं गिरणीचं लुगडं थांबलं, त्याआधीच ते मागणाऱ्या बायका कमी झाल्या होत्या.

आता नऊवारी कुठे आहे? देवीच्या अंगावर आहे. सातेरीचं वारूळ लुगडं नेसवूनच सजवतात. गौर तेरड्याची असो की मुखवट्याची, तिला नवं वस्त्र लागतंच. दशावतारात आहे. मोचेमाडकर, वालावलकर, पार्सेकर अशा मंडळ्यांतले स्त्री पार्टी करणारे पुरुष आरशाच्या तुकड्यासमोर बसून स्वतःच्या हाताने नेसतात, आणि त्यांच्याइतकं चापून-चोपून नेसणाऱ्या बायका आज थोड्या. गणपतीत फुगड्यांचे संघ एकरंगी नऊवाऱ्यांत उतरतात. त्यातल्या बहुतेक शिवलेल्या. आत हुक, कमरेला इलॅस्टिक किंवा नाडी, पँटसारखे पाय घालून दोन मिनिटांत तयार. ‘ब्राह्मणी’, ‘पेशवाई’, ‘मस्तानी’ अशी दुकानदारांनी दिलेली नावं. मला त्याचा राग येत नाही. मुलींना फुगडी घालायची आहे, ती त्या घालतात. पण तिची उंची शिंप्याने एकदाच ठरवलेली असते. ती मळ्यासाठी वर आणि देवळासाठी खाली होत नाही, आणि ओच्यात काही मावत नाही. डोंबिवलीत १९९९ पासून गुढीपाडव्याची शोभायात्रा निघते, आता तर तशा यात्रा गावोगाव निघतात, आणि नऊवारी नेसून बुलेट चालवणाऱ्या बायकांचे फोटो दरवर्षी छापून येतात. व्हिएतनाममध्ये पांढऱ्या आओ झायमधल्या सायकलवरच्या शाळकरी मुली तशाच छायाचित्रकारांच्या आवडीच्या.

मला त्याहून महत्त्वाची वाटते ती २०१८ सालची बर्लिन मॅरेथॉन. मुंबईच्या क्रांती साळवी नऊवारी नेसून ४२ किलोमीटरहून थोडं जास्त अंतर ३ तास ५७ मिनिटांत धावल्या आणि साडीतल्या सर्वांत वेगवान मॅरेथॉनचा गिनेस विक्रम त्यांच्या नावावर लागला. मालवणच्या किनाऱ्यावर मासळीची पाटी घेऊन दुडक्या चालीने बाजार गाठणाऱ्या बाईला जे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होतं, त्याची घड्याळ लावून नोंद झाली.

नोंद करण्यासारखं अजून बरंच शिल्लक आहे आणि ते फार दिवस राहणार नाही. गुरामवाड, वराड, पेंडूर, चौके या गावांत ऐंशीच्या पुढच्या अशा बायका आहेत, ज्या डोळे मिटून लुगडं नेसतील. गाठ नेमकी कुठे मारायची, बाळंतपणानंतर ती कुठे सरकायची, लावणीचा कासोटा आणि लग्नातला कासोटा यांत काय फरक, कुठल्या समाजाच्या बायका पदर कसा घेत, चौकडी कुणाची आणि चंद्रकळा कुणाची, दंड कुठे घालायचा, काठ कुठवर सोडायची मुभा होती आणि कुणाला नव्हती. हे कुठल्याही पुस्तकात एका जागी नाही. शाळेतल्या मुलींनी आपल्या आजीला विचारून लिहून काढलं, नेसतानाचे फोटो काढले, जुन्या गोधड्यांच्या थरांतले काठ आणि पदर उसवून पाहिले, तर मालवण तालुक्याच्या लुगड्याचा संग्रह एका पावसाळ्यात उभा राहू शकतो. गोधडीच्या पोटात इरकलीचे तांबडे पदर अजून सापडतात, कारण रेशमी पदर सुती अंगापेक्षा जास्त टिकला. गौरी-गणपतीच्या सुट्टीत मुंबईचे सगळे गावी असतात, म्हाताऱ्यांना आठवायला आणि नातींना लिहायला तेव्हा सवड असते. सुरुवात तेव्हाच करावी.